रात्रीची लाईट आणि दिवसा न टिकणारी झोप

उसाच्या_सरीतून

आमचं गाव पलूस तालुक्यात. ऊस आणि थोडी द्राक्षबाग. शेतीच्या थ्री फेज लाईटचं वेळापत्रक इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माझा थोरला भाऊ जेवून, बॅटरी आणि काठी घेऊन रानात जातो, उसाला दारं धरतो आणि उजाडताना परत येतो. सातला आडवा होतो आणि साडेदहा-अकराला डोळे टक्क उघडे. मग दिवसभर डोकं जड, चिडचिड, दुपारी तीनला बसल्या जागी पेंग. घरातले म्हणतात, "झोपायला तुला कुणी अडवलंय? पडून राहा की." भावकीतल्या एकाने तर चारचौघांत त्याला आळशी म्हटलं. ते मला फार लागलं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि जे वर्गात शिकवते ते घरात कुणालाच माहीत नाही, हे तेव्हा जाणवलं. म्हणून हा धागा.

दमलं की झोप येते, एवढ्यावर झोपेचं गणित संपत नाही. त्यात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली ही मांडणी केली आणि झोपेचा अभ्यास आजही तिच्याच आधाराने चालतो.

पहिली यंत्रणा म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात, त्यात एटीपी हे पेशीचं इंधन मोडतं आणि अ‍ॅडेनोसीन नावाचा पदार्थ साचत जातो. जितका वेळ जागे, तितका तो जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. झोपलो की तो उतरतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे घड्याळ. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या दोन नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर हायपोथॅलॅमसमध्ये दोन बारीक ठिपके आहेत. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. दोन्ही मिळून साधारण २० हजार पेशी. आपण किती दमलोय याच्याशी या पेशींना देणंघेणं नाही. त्या दिवसभर जागं राहण्याचा जोर वाढवत नेतात, संध्याकाळी तो सगळ्यात जास्त असतो आणि रात्री ओसरतो. संध्याकाळपर्यंत अ‍ॅडेनोसीन भरपूर साचलेलं असूनही आपण सात-आठला कोलमडत नाही, ते या जोरामुळे.

आता दादाचं बघा. सकाळी सातला त्याच्या अंगात दाब चढलेला असतो, म्हणून पडल्या पडल्या झोप लागते. तीन-चार तासांत तो बराच उतरतो. तोवर घड्याळाचा जागं करण्याचा जोर चांगला वाढलेला असतो. झोप धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि डोळे उघडतात. रात्री अकराला झोपलेल्या माणसाचं उलट होतं: पहाटे दाब संपत आला तरी घड्याळाचा जोर खाली असतो, म्हणून झोप शेवटपर्यंत टिकते.

म्हणजे अकराला उठणं हा दादाचा स्वभाव नाही. लाईटचं वेळापत्रक बदललं म्हणून मेंदूतलं घड्याळ बदलत नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी त्याला बोल लावू नयेत, एवढ्यासाठी लिहिलं. तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा.


बागवान_तासगाव

ताई, माझ्या बायकोला हे मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्यातबी हेच चाललंय. एक इचारू का? रात्री दहा-बाराला रानात काय वाटत न्हाई, पण चारच्या सुमारास अंगात हुडहुडी भरती. थंडीचे दिवस नसले तरी. आणि त्याच टायमाला डोळ्यांवर एवढी झापड येती की उभ्या उभ्या तोल जातोय. असं का?


उसाच्या_सरीतून

दादा, दोन्हीचं कारण एकच. अंगाच्या आतलं तापमानही तेच घड्याळ चालवतं. दिवसभरात ते जवळजवळ एक अंशाने वरखाली होतं. संध्याकाळी सगळ्यात जास्त आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात कमी. नेमका तेव्हाच जागेपणाचा जोरही तळाला गेलेला असतो. त्यात तुमचे पाय पाटाच्या पाण्यात. मोटर बंद करणं, स्टार्टरला हात लावणं ही कामं त्या वेळेत करत असाल तर फार जपून करा.


आबा_बॉयलर

मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली. आता निवृत्त आहे. गळीत हंगामात तीन पाळ्या असायच्या आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. आम्ही ते सगळं केलं. माझं मत असं की शरीराला सवय लावली की लागते. हल्लीच्या पोरांना सोसवत नाही, त्याला शास्त्राचा आधार देऊ नये.


रात्रपाळी_मिरज

आबा, मी मिरजेत एका रुग्णालयात नर्स आहे. नाइट ड्युटी माझ्या पाचवीला पुजलेली. तुमचा मान राखून सांगते, सवय लागते ती जागं राहण्याची. झोपेची लागत नाही. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर, ज्यांनी अर्धं आयुष्य नाइट केली, त्यासुद्धा दिवसा सलग झोपत नाहीत. तुकड्यातुकड्याने झोपतात आणि त्यालाच झोप म्हणतात.

मला उपयोग झाला तो अंधाराचा. आमच्या खोलीच्या खिडकीला मी आतून काळे चार्ट पेपर दुहेरी चिकटवलेत, कडेने चिकटपट्टी मारून. दाराच्या फटीशी जुनी चादर गुंडाळून ठेवते. तरी भंगारवाल्याची हाळी येते, शेजारची बेल वाजते, आणि नणंदेला वाटतं की मी घरी आहे म्हणजे मोकळी आहे. दाराला आता पाटी लावलीय: दोन वाजेपर्यंत हाक मारू नये. सासूबाईंनी ती पाटी स्वतः लिहिली, त्याचं मला फार अप्रूप आहे.

दुसरं म्हणजे चहा. रात्री दोननंतर मी चहा घेत नाही. कॅफीन अ‍ॅडेनोसीन कमी करत नाही, त्याच्या मेंदूत चिकटायच्या जागा अडवून बसतं. दाब आत तसाच चढत असतो, फक्त मेंदूला कळत नाही. आणि प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला जास्त. पहाटे पाचला कडक चहा मारून सातला झोपायचं म्हणजे अर्ध्याहून जास्त कॅफीन अंगात घेऊन पडणं. गरोदर बाईच्या अंगातून तर ते फारच हळू जातं. नाइट करणाऱ्या पोरींना मी हे आवर्जून सांगते.


उसाच्या_सरीतून

आबा, तुम्ही केलेलं काम थोरच आहे. ते सोपं नव्हतं, एवढंच शास्त्र सांगतं. माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. रोजचा उजेड ते जागेवर आणतो. डोळ्यांच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन असलेल्या काही खास पेशी आहेत. त्या चित्र दाखवण्यासाठी नाहीत, उजेड किती आहे हे थेट घड्याळाला कळवण्यासाठी आहेत. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात.

आता आकडे बघा. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या दिव्याचा उजेड १०० ते ३०० लक्स. ढगाळ दिवशी अंगणात काही हजार लक्स, आणि उन्हात ५० हजारांच्याही वर. रात्रपाळी करून माणूस सकाळी घरी निघतो आणि वाटेत लख्ख ऊन डोळ्यांत घेतो. रात्रभराच्या ट्यूबलाइटने घड्याळ थोडं सरकलं असलंच, तर ते ऊन त्याला पुन्हा दिवसाकडे खेचतं. सरकायचं म्हटलं तरी घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. आठवड्याने पाळी बदलली तर ते कुठेच पोचत नाही.


आबा_बॉयलर

हे मात्र पटलं. हंगाम संपल्यावरही झोप ताळ्यावर यायला बरेच दिवस जायचे. पोट तर पावसाळ्यापर्यंत बिघडलेलं असायचं. आम्ही ते उसाच्या रसावर ढकलायचो.


उसाच्या_सरीतून

पोटाचं तर अगदी बरोबर, आबा. यकृतात, आतड्यात, स्वादुपिंडात, जवळजवळ प्रत्येक अवयवात स्वतःचं घड्याळ आहे. मेंदूतलं घड्याळ उजेडावर लागतं, यकृतातलं मोठ्या प्रमाणात जेवणाच्या वेळेवर. रात्री दोनला भाकरी खाल्ली की यकृताला एक वेळ कळते आणि मेंदूला दुसरी. रात्री शरीर साखरही नीट हाताळत नाही. तेच जेवण दिवसा घेतलं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री घेतलं तर जास्त. म्हणून दादाला मी सांगते की निघण्याआधी पोटभर जेव, रानात शेंगदाणे-गुळावर भागव.


डॉक्टर_वानलेसवाडी

चर्चा चांगली चालली आहे. घड्याळ आणि दाब यांचं झालं, पण प्रत्यक्ष झोप लागते म्हणजे मेंदूत काय होतं, ते राहिलं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये तिचं वर्णन केलं. बरेच रोगी दिवसचे दिवस झोपून राहत. काहींना मात्र झोपच लागत नसे. दगावलेल्यांचे मेंदू तपासल्यावर त्यांना दिसलं की खूप झोपणाऱ्यांच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला होता आणि न झोपणाऱ्यांचा पुढचा. म्हणजे जागं ठेवणारा भाग वेगळा आणि झोपवणारा वेगळा, हे मेंदूचे आलेख काढायची सोय होण्याआधीच त्यांनी ओळखलं.

आज त्याचे तपशील माहीत आहेत. पुढच्या भागातल्या पेशी जागं ठेवणाऱ्या केंद्रांना दाबतात आणि जागं ठेवणारी केंद्रं या पेशींना. दिव्याच्या बटणासारखं आहे हे: एक तर चालू, नाही तर बंद, मध्येच अडकत नाही. ते बटण जागेपणाच्या बाजूला धरून ठेवायला ऑरेक्सिन नावाचं रसायन लागतं. १९९८ मध्ये ते सापडलं. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते: बोलता बोलता झोप, आणि काहींना हसू आलं की गुडघ्यातली ताकदच जाते. असं कुणी पाहण्यात असेल तर त्याला बाहेरची बाधा समजू नका, मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या.

जागं ठेवणाऱ्या रसायनांत हिस्टामिनही आहे. सर्दीची जुनी गोळी घेतली की पेंग येते ती यामुळेच. गोळी नाकातलं हिस्टामिन अडवते, तसंच मेंदूतलंही. सर्दीची गोळी घेऊन रात्री रानात जाऊ नये.


चिंचबन

एक आनंदाची गोष्ट सांगतो. आमच्या बांधावरच्या चिंचेची पानं रोज संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. लहानपणी आजी म्हणायची, झाड झोपलं, आता पान तोडू नको. ही हालचाल नुसती उजेडाने होते का, हे बघायला फ्रान्समधल्या द मेराँ यांनी १७२९ साली लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं. पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. उजेड नसतानाही झाडाला वेळ कळत होती.

माणसाच्या बाबतीत १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हे फ्रेंच संशोधक घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट. दिवसांचा हिशेब एवढा चुकला, पण झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र चोवीस तासांच्या आसपासच फिरत राहिलं होतं. आपल्याकडेही मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. चंद्रशेखरन यांनी माणसांना वेळेचा पत्ता लागू न देता ठेवून असे प्रयोग केले.

हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, त्याचा धागा एका माशीत सापडला. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत एक असा जनुक मिळाला की तो बिघडला तर तिचा दिवस लांबतो, आखूड होतो किंवा उरतच नाही. पुढे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांनी तो उलगडला. जनुक प्रथिन बनवतो, रात्री ते साचतं आणि स्वतःच्याच जनुकाला थांबवतं. मग ते विरघळतं आणि जनुक पुन्हा सुरू. एक फेरा साधारण २४ तासांचा. २०१७ चं नोबेल यालाच मिळालं. माशीचं, चिंचेचं आणि आपलं घड्याळ आपापल्या तऱ्हेने पण एकाच सूर्यावर लागतं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ बांधावर बसून होतो.


बारावीची_आई

मुलगा सांगलीत क्लासला जातो. रात्री साडेबारापर्यंत डोळा लागत नाही, सकाळी सहाला ओढून उठवावं लागतं. मोबाइल काढून घेतला तरी तेच. काय करावं?


रात्रपाळी_मिरज

ताई, या वयात घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं. मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढायला लागतं. मोबाइल त्यात भर घालतो, पण मूळ कारण तो नाही. नऊला बळजबरीने झोपवू नका. रोजच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे घड्याळाच्या जोराचे असतात, तेव्हा पडून नुसती तळमळ होते. सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर उन्हात पुस्तक घेऊन बसवा, संध्याकाळनंतर घरातले दिवे मंद ठेवा आणि रविवारी दुपारपर्यंत झोपू देऊ नका. आणि त्याला रागावू नका हो.


बागवान_तासगाव

डॉक्टर, आमच्याकडं काही जण रात्रीचं पाणी झाल्यावर सकाळी घोटभर घेऊन झोपत्यात. म्हणत्यात गाढ लागती.


डॉक्टर_वानलेसवाडी

लागते लवकर, टिकत नाही. दारू पहिल्या काही तासांत गुंगी आणते आणि स्वप्नांची झोप कमी करते. ती उतरायला लागली की झोप वारंवार मोडते. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते: सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, शेवटच्या फेऱ्यांत स्वप्नांची जास्त. आधीच तीन-चार तासांवर आलेल्या माणसाने त्यातला तुकडा आणखी मोडू नये. तंबाखूचंही तेच, निकोटीन जागं ठेवतं. झोपण्याआधीची चिमूट सोडा.

त्यापेक्षा एक साधा उपाय करा. रानातून आल्यावर पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, मोजे घालून झोपा. झोप लागायला आतलं तापमान उतरावं लागतं आणि ती उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. पाय गार पडले की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच राहते. पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, हे प्रयोगात दिसलेलं आहे.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं लक्ष आणि हाताची चपळाई साधारण तेवढीच घसरते, जेवढी रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. रात्रभर पाणी पाजून सकाळी ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर येणारा माणूस प्यायलेला नसतो, तरी त्याचा मेंदू त्याच अवस्थेत असतो. आम्ही अपघात विभागात त्याचे परिणाम बघतो. घरच्यांनी किल्ली काढून घ्यावी.

ज्यांना रात्री सात-आठ तास झोप मिळूनही दिवसा पेंग येते आणि जे जोरात घोरतात, घोरता घोरता श्वास थांबतो असं घरचे सांगतात, त्यांचा प्रश्न वेगळा. झोपेत घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू पुन्हा पुन्हा जागा होतो. त्याची तपासणी होते आणि उपायही आहे.


उसाच्या_सरीतून

सगळ्यांचे आभार. खरा उपाय दिवसा लाईट मिळणं हाच आहे. सौर कृषी वाहिनीच्या योजनेतून जिथे दिवसाची लाईट सुरू झाली, तिथल्या आमच्या नातेवाइकांच्या घरात आता रात्री सगळे घरी असतात. आपल्या फीडरला ती येईपर्यंत दादाने ठरवलंय: रात्रीची पाळी असेल तेव्हा संध्याकाळी साडेसहाला न झोपता दुपारीच दीड तास झोपून घ्यायचं, म्हणजे दाब थोडा उतरून रानात जाता येईल.


बागवान_तासगाव

आमच्या डीपीवर, म्हंजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरवर, आम्ही सहा जण आहे. आज पारावर बसून ठरवतोय की एकट्यानं सगळी रात्र काढायची न्हाई. दोघंदोघं मिळून, अर्धी रात्र एका जोडीची, अर्धी दुसऱ्या जोडीची. तसंबी शिराळ्याकडनं बिबट्याच्या बातम्या येत्यात, जोडीनं गेलेलं बरं. फक्त कुणाला कुठली अर्धी द्यावी? दोघं पंचविशीतली पोरं हायत, दोघं चाळिशीतली, दोघं साठीची.


डॉक्टर_वानलेसवाडी

पोरांना पहिली अर्धी द्या. त्यांचं घड्याळ उशिराकडे असतं, दोनपर्यंत ती सहज जागतात आणि मग सकाळपर्यंत झोपतात. साठीच्यांना दुसरी. वय वाढलं की घड्याळ अलीकडे सरकतं, ते नऊला झोपून दोन-अडीचला उठू शकतात. चाळिशीतल्यांनी जिथे कमी पडेल तिथे जावं, पण एकाच आठवड्यात दोन्ही अर्ध्या करू नयेत. प्रत्येकाने झोपेतला निदान चार तासांचा तुकडा रोज एकाच वेळेला ठेवावा, पाणी असो वा नसो. साठीच्या दोघांपैकी कुणाला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर वेळा बदलण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.


बागवान_तासगाव

एकाला साखरेची चालू हाय. उद्या सकाळीच घेऊन जातो त्यास्नी.